मैल्याच्या टाकीची हवानळी: मे-जून २०२४ च्या नोंदी

बोट १९८४ सालची, ३० फुटी, फायबरग्लासची. मुक्काम शिलशोल बे मरीना, सिअ‍ॅटल. संडासाचा मैला साठवायची टाकी पॉलिएथिलीनची, ९० × ४० × २० सेंमी, म्हणजे ७२ लिटर, पुढच्या बिछान्याच्या फळीखाली उजव्या अंगाला. टाकीतली हवा आत-बाहेर जाण्यासाठीची हवानळी आतून १६ मिमी, टाकीच्या माथ्यावरून कपड्यांच्या कपाटातून बोटीच्या उजव्या कुशीत डेकच्या जरा खाली बाहेर पडते.

४ मे, शनिवार

संडासाचा पंप पुन्हा जड झाला. आठ-दहा वेळा हापसेपर्यंत ठीक, मग दांडा आपणहून हाताला वर ढकलतो आणि भांड्यातलं पाणी उतरायच्या ऐवजी चढतं. मार्चमध्ये असंच झालं तेव्हा मी जोकर व्हॉल्व्ह बदलला होता. टाकीकडे गेलेलं परत भांड्यात येऊ नये म्हणून पंपाच्या पुढे बसवलेली ती रबरी चोच. बदलल्यावर दोन आठवडे छान गेले आणि दुखणं तेच होतं असं मी धरून चालले. आज आठवलं, की त्याच दिवशी टाकीही रिकामी केली होती. गुण कशाने आला होता ते आत्ता कळतंय.

डेकवरचं, टाकी जिथून उपसतात ते उपशाचं झाकण किल्लीने अर्धा आटा सैल केलं. तोंड बाजूला, झाकणावर जाडसर फडकं. फुस्स करून हवा सुटली आणि जवळजवळ पाऊण मिनिट सुटत राहिली. टाकीत दाब साठला होता. हवा बाहेर जायला टाकीला एकच वाट, ती हवानळी. म्हणजे ती बंद आहे.

हे काम याच महिन्यात करायचं ठरवलं, कारण जूनमध्ये चिपळूणहून आई येतेय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती आली होती तेव्हा आम्ही तिला दिवसभर बोटीवर नेलं. संध्याकाळी घरी आल्यावर तिने एकामागून एक तीन पेले पाणी प्यायलं. विचारलं तर म्हणाली, "अगं, तिथल्या संडासात जाववत नव्हतं, म्हणून सकाळपासून पाणीच नाही घेतलं." सत्तरीच्या बाईने उन्हात सात तास पाण्याविना काढले, आणि मला पत्ता नव्हता. तेव्हा मी टाकीत वास मारणारं औषध दुप्पट ओतलं होतं. वास जरा बदलला, गेला नाही.

५ मे, रविवार

मरीनाच्या उपसा धक्क्यावर गेलो. टाकी रिकामी केल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही.

धक्क्यावरचा पंप सुरू केला, नळीच्या काचेतून अर्धा मिनिट मैला वाहताना दिसला आणि मग थांबला. खालून नवऱ्याने ओरडून सांगितलं की टाकी आत ओढली जातेय. मी लगेच झडप बंद केली. बिछान्याची फळी आधीच काढून ठेवली होती म्हणून दिसलं, एरवी कळलंही नसतं. बाहेरून हवा आत येत नसेल तर पंप मैल्याऐवजी टाकीच्या भिंतींनाच ओढत बसतो. जुन्या टाकीचा सांधा अशाने उकलू शकतो.

मग थोडं ओढायचं, नळीचं तोंड डेकवरून जरासं तिरकं करून हवा आत जाऊ द्यायची, पुन्हा ओढायचं, असं सहा वेळा केलं. दर खेपेला टाकी 'डब्ब' करून मूळ आकारात यायची. शेवटी दोनदा स्वच्छ पाणी भरून उपसलं.

ज्यांना वाटेल की एवढा व्याप कशाला, समुद्रात सोडून द्यावं, त्यांच्यासाठी: अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडायला मुळातच बंदी आहे. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलला लागूनच्या या खाडीत, १० मे २०१८ पासून बोटीवर प्रक्रिया केलेलाही सोडता येत नाही. बाहेर सोडणारी तीनतोंडी झडप आमच्याकडे बंद करून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली आहे. आणि कायदा नसता तरी, याच पाण्यात लोक शिंपले गोळा करतात, पोरं पोहतात.

११ मे, शनिवार

काल रात्री बोटीवरच राहिलो. रात्री धक्क्यावर गलका झाला म्हणून वर आलो तर आकाशात हिरवा-गुलाबी उजेड हलत होता. सिअ‍ॅटलमधून उत्तर ध्रुवीय प्रकाश इतका स्वच्छ दिसेल असं कधी वाटलं नव्हतं. झोप झाली नाही, काम तरीही सकाळी नऊला सुरू.

आधी नळी खरंच बंद आहे का याची खात्री. तोंड लावून फुंकून बघू नये, हे लिहून ठेवते, कारण धक्क्यावर एकाने मला तेच सुचवलं. मी साबणाचं पाणी केलं आणि बाहेरच्या हवाछिद्रावर बोटाने त्याचा पडदा ओढला. खाली नवऱ्याने स्वच्छ पाणी हापसून टाकीत पाठवलं. नळी उघडी असेल तर दर हापशाला बुडबुडा फुगायला हवा. पडदा सपाटच. आठव्या हापशालाही सपाट.

हवाछिद्राची टोपी काढली. आत नाण्याएवढी पितळी जाळी होती आणि जाळी म्हणून ती उरलीच नव्हती. मीठ, बोटीला चोळलेलं मेण आणि आतून आलेला वाळका थर यांची एक करडी चकती झाली होती. असली बारीक जाळी इंधनाच्या टाकीच्या हवाछिद्राला शोभते. मैल्याच्या टाकीला ती कुणी आणि का बसवली ते कळायला मार्ग नाही.

आमच्या चिपळूणच्या घराच्या मागे सेप्टिक टँकचा उंच पाइप आहे. दर पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं येऊन सांगायची, पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा, डास होतात. बाबा न चुकता बांधायचे. पण तो पाइप चार इंची, सरळ उभा, आणि मैला त्याच्या तोंडापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. इथे नळी बोटाएवढी आणि टाकी लाटांवर कलंडणारी. जाळी काढून टाकली, परत बसवणार नाही.

पुन्हा साबणाचा पडदा. तरीही सपाट. म्हणजे अडथळा आणखी आत आहे.

१२ मे, रविवार

गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी बाहेरून आत सारली. तार नको, नळीच्या भिंतीला भोक पडेल. दोरी पावणेदोन हात गेली आणि मऊसर कशाला तरी टेकली. ढकलल्यावर जराशी जायची, सोडली की परत यायची.

मग पाण्याने उलटं धुणं. टाकी रिकामी, डेकवरचं झाकण पूर्ण उघडं, चश्मा, कोपरापर्यंत हातमोजे. बागेतल्या होजचं तोंड ओल्या फडक्यात गुंडाळून हवाछिद्रावर दाबलं आणि नळ पाव आटा सोडला. अडथळा हलका असेल तर तो टाकीत जाऊन पडतो आणि काम संपतं. पाच मिनिटं केलं, थांबून पुन्हा केलं. पाणी सगळं माझ्याच अंगावर. नळ पूर्ण सोडायचा मोह झाला, पण आत कुठे सांधा असेल आणि तो निसटला तर ते पाणी कपाटात जाईल, कपाटातून बोटीच्या तळाशी. थांबले.

शेजारच्या बोटीवरचे आजोबा चाळीसेक वर्षं इथेच बोट चालवतायत. त्यांनी ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्युम आणून दिला. मी तो बाहेर धक्क्यावरच ठेवला, नुसती नळी हवाछिद्राला लावली आणि आधी डेकच्या झाकणातून टाकीत पाणी भरून वायू बाहेर ढकलून टाकला. टाकीत मिथेन असू शकतो आणि व्हॅक्युमच्या मोटरीत ठिणग्या पडतात. तीन वेळा ओढलं. चमचाभर काळं पाणी आलं, बाकी काही नाही. ते पाणी मग हातपंपाने काढलं.

अ‍ॅसिडचा सल्ला दोघांनी दिला. नाही वापरलं. लघवी आणि समुद्राचं पाणी मिळून जो दगडी थर धरतो त्यावर सौम्य अ‍ॅसिड चालतं, हे खरं आहे. पण या नळीत मैलाही कुजून बसलाय. त्यातल्या सल्फाइडवर अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, तेव्हा माणसाला वाटतं धोका टळला. हवेपेक्षा तो जडही असतो, बोटीच्या तळाशी साचतो. ब्लीचही नाही. अमोनियाशी आणि अ‍ॅसिडशी, दोन्हीशी त्याचे विषारी वायू होतात. बोटीच्या पुढच्या खोलीत वाकून काम करणाऱ्या माणसाने असले प्रयोग करू नयेत.

नळीच काढायची.

१८ मे, शनिवार

कपाट रिकामं केलं. पुढच्या खोलीच्या छतातलं झाकण उघडं, पंखा बाहेर हवा फेकणारा, वायू मोजायचं छोटं यंत्र गळ्यात, नवरा पायऱ्यांवर बसून. एकट्याने हे करायचं नाही असं ठरवलंय.

कपाटाची मागची फळी काढली आणि कारण समोर दिसलं. नळी टाकीवरून सरळ वर जायच्या ऐवजी दोन पट्ट्यांच्या मध्ये झोळीसारखी लोंबत होती. वीतभर खोल झोळ. मधली एक पट्टी कधीतरी तुटून खाली पडली होती, तिचा गंजका स्क्रू तिथेच सापडला. त्या झोळात जे एकदा आलं ते परत टाकीत उतरू शकत नाही.

होज क्लिप गंजलेल्या, एक पेचकसाने सुटली, दुसरी कापली. नळी टाकीच्या तोंडावर चिकटून बसली होती. एरवी गरम हवेच्या यंत्राने सैल करतात, पण उघड्या टाकीपाशी तापलेली तार नको. उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळली, पाच मिनिटं थांबले, मग सुरीने नळी लांबीत चिरून सोलून काढली. चिरताना सुरी उथळ धरायची, खालच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर ओरखडा उठला तर नवी नळी तिथून गळेल. तोंडात लगेच रबरी बूच.

दोन्ही टोकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नळी धक्क्यावर नेली आणि झोळाचा भाग उभा चिरला. तेवीस सेंमी लांबीचा बोळा. बाहेरच्या टोकाला काळा चिखल, मध्ये कागदाचा लगदा, आणि टाकीच्या बाजूला पांढरट कठीण थर, जुन्या गिझरमध्ये धरतो तसा. त्या थराच्या मधोमध पेन्सिलीएवढं भोक राहिलं होतं आणि तेही लगद्याने भरलेलं. थरांची जाडी बघता हे एका मोसमाचं काम नव्हे. आम्ही बोट घेतली २०१९ मध्ये. म्हणजे आई त्या दिवशी तहानलेली बसली तेव्हाही हा बोळा इथे होता, आणि मी वरून औषध ओतत होते.

१९ मे, रविवार

घरी. वहीत गणित मांडलं, कारण दांडा इतका जड का होतो हे आकड्यात बघायचं होतं.

टाकीत ४२ लिटर मैला असेल तर वर हवा ३० लिटर. हवानळी बंद असताना ३ लिटर आणखी हापसले तर ती हवा २७ लिटरमध्ये दाबली जाते. दाब सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. म्हणजे साधारण ११५ सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. संडासाचं भांडं टाकीपेक्षा इतकं उंच नाही, म्हणून पाणी उलटं येतं. जोकर व्हॉल्व्ह कितीही नवा असला तरी तो पूर्ण रोखणारी झडप नव्हे. आणि टाकीच्या माथ्यावर, ९० × ४० सेंमीवर, हा दाब जवळजवळ ४०० किलोंचा जोर लावतो. माथ्याला फुगवटा का आलाय ते कळलं.

वासाचंही उत्तर यातच आहे. मैल्याला हवा मिळाली की हवेवर जगणारे जिवाणू तो कुजवतात, त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याला वास नाही. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू वरचढ होतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवानळीने वास बाहेर येतो म्हणून ती बारीक ठेवावी, जाळी लावावी, गाळणी बसवावी, असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. खरं तर नळी जितकी रुंद आणि आखूड, तितका वास कमी. टाकीला श्वास घ्यायला हवा, नुसता सोडायला नव्हे.

मैला नळीत चढला कसा, तेही जुळतं. आमची नेहमीची फेरी पोर्ट मॅडिसन या खाडीची, साधारण ५ सागरी मैल पश्चिमेला. रात्री नांगर टाकून राहायचं, दुसऱ्या दिवशी परत. उन्हाळ्यात बहुतेक वेळा उत्तरेचा वारा. परतताना तो डावीकडून लागतो, बोट उजवीकडे कलते, टाकी आणि नळी दोन्ही उजव्या बाजूला, आणि तेव्हाच टाकी सर्वांत भरलेली असते.

२५ मे, शनिवार

तीन दिवसांची सुट्टी, हाच मुहूर्त. टाकीवरचं आट्याचं भोक १९ मिमीचं आहे, ते मोठं करायला टाकी बाहेर काढावी लागेल, म्हणून तेवढं तसंच ठेवलं. तिथून पुढे मात्र २५ मिमीची मैल्यासाठीचीच जाड नळी, आणि बाहेरचं हवाछिद्रही २५ मिमीचं, बिनजाळीचं, सरळ आरपार.

कुशीतलं भोक मोठं करणं हा सगळ्यात नाजूक भाग. होल सॉच्या (गोल भोक पाडणाऱ्या करवतीच्या) मधल्या ड्रिलला टेकायला जागाच नाही, कारण तिथे आधीच भोक आहे. सॉ तसाच टेकवला तर तो बोटीच्या रंगावर नाचतो. म्हणून आतून प्लायवुडचा तुकडा दाबून बसवला, जुन्या भोकाचा मध्य त्यावर बाहेरून पेन्सिलीने काढला आणि मधलं ड्रिल त्या लाकडात रोवलं. बाहेरून चिकटपट्टी, म्हणजे जेलकोटचे, बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचे, टवके उडत नाहीत. सॉ आधी उलटा फिरवून रेघ पाडली, मग सुलटा. दोन मिनिटांत आरपार. कापलेली कड कोरडी आणि भरीव निघाली, आत लाकूड नाही. कडेला इपॉक्सीचा हात दिला.

नळी टाकीवरून निघाल्यापासून चढतीच ठेवली. दर ३० सेंमीला पट्टी, डेकच्या खाली शक्य तितक्या उंच एक वळसा आणि मग हवाछिद्राकडे. कुठेही झोळ नाही हे बघायला नवऱ्याने संगमरवरी गोटी आणली होती. नळी लावायच्या आधी वरच्या टोकातून गोटी सोडली, ती खडखडत खालच्या टोकातून हातात आली. दोनदा. प्रत्येक टोकाला ३१६ स्टेनलेसच्या दोन-दोन क्लिप.

२६ मे, रविवार

सीलंट वाळलं. टाकीत २० लिटर पाणी. साबणाचा पडदा लावला, नवरा खाली हापसू लागला. पहिल्याच हापशाला बुडबुडा लिंबाएवढा फुगून फुटला. आणखी चारदा करून घेतलं, गरज नव्हती तरी.

गरम पाण्यात पिळलेली पांढरी फडकी नव्या-जुन्या नळ्यांभोवती गुंडाळून ठेवली, थंड झाल्यावर एकेक बाहेर नेऊन हुंगली. नळीतून वास झिरपत असेल तर फडक्याला लागतो. हवानळीचं फडकं स्वच्छ. भांड्यापासून टाकीपर्यंतच्या नळीचं मात्र नाही. ती बदलावी लागेल, या उन्हाळ्यात नको.

२ जून, रविवार

दिवसभर पाऊस. हवाछिद्राखाली कपाटात कोरडा कागद ठेवला होता, संध्याकाळी कोरडाच.

८ जून, शनिवार

काल संध्याकाळी पोर्ट मॅडिसन, आज परत. मुद्दाम टाकीत ५० लिटर ठेवून निघालो आणि वाऱ्यात बोट चांगली कलू दिली. मरीनात आल्यावर हवाछिद्र बघितलं: कोरडं. दोरी आत सारली, स्वच्छ बाहेर आली. उपसताना टाकीच्या भिंती हलल्याही नाहीत, चार मिनिटांत काम झालं.

५० लिटर ही आता वरची मर्यादा. टाकीवर मार्करने रेघ मारली. दर खेपेला अंदाजे २ लिटर जातात, म्हणजे पंचविसेक वेळा. संडासाच्या दाराआड कागद लावलाय, जो जाईल तो रेघ ओढेल.

२२ जून, शनिवार

आई बोटीवर. चढताना मी काही बोलले नाही. तिने स्वतःच संडासाचं दार उघडून आत डोकावलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "औषध बदललंस का गं?" मी म्हटलं, औषध बंदच केलं. मग तिला चिरलेल्या नळीचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे सगळं तू काढलंस?" हो म्हटल्यावर माझा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

दुपारी बेनब्रिज बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. तिने दोनदा चहा घेतला, कलिंगड खाल्लं. दाराआडच्या कागदावर तिच्या तीन रेघा आहेत.

२३ जून, रविवार

उपसा: अंदाजे २६ लिटर. डेकचं झाकण उघडं ठेवून हवानळी बाहेरून अर्धा मिनिट धुतली. हे आता दर उपशानंतर.

उरलेलं: भांडं ते टाकी ही नळी, ३८ मिमी, लांबी मोजायची आहे. डाव्या कुशीतून दुसरी हवानळी काढता येईल का, म्हणजे वारा आरपार वाहील, ते टाकी बाहेर काढू तेव्हा.